ओळखीला साक्षीदार कोण?

५ फेब्रुवारी २०१७ रोजी रायपूरच्या सुंदरनगरमध्ये एका घराच्या आवारात पोलिसांनी खोदकाम केले. घर तोवर विकले गेले होते. जमिनीखालून दोन माणसांचे सांगाडे निघाले. जागा दाखवणारा उदयन दास हा त्या दोघांचा मुलगा होता, आणि आईवडिलांना आपण २०१० मध्येच मारून तिथे पुरले, असे त्याने पोलिसांना सांगितले होते. हे रहस्य उलगडले ते दुसऱ्याच एका तपासातून. तीन दिवस आधी भोपाळच्या साकेतनगरमधल्या त्याच्या घरातला सिमेंटचा चौथरा पोलिसांनी फोडला होता. त्यात चिणलेल्या पेटीत पश्चिम बंगालमधल्या बांकुऱ्याच्या एका २८ वर्षांच्या तरुणीचा मृतदेह मिळाला. २०१६ च्या जुलैमध्ये तिचा खून झाला होता. दोघांची ओळख ऑर्कुट या समाजमाध्यमावरची, २००७ च्या सुमाराची, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. ऑगस्ट २०२० मध्ये बांकुऱ्याच्या न्यायालयाने या खुनासाठी उदयनला जन्मठेप सुनावली.

बातमी फुटली तेव्हा घराघरांत काढला गेलेला निष्कर्ष एका वाक्याचा होता: इंटरनेटवर अनोळखी माणसांशी बोलू नये. पण प्रकरण नीट उलगडून पाहिले, तर त्यात अनोळखी कोण होते हा प्रश्नच अवघड होऊन बसतो. बांकुऱ्याची तरुणी त्याला जवळजवळ दहा वर्षे ओळखत होती. सुंदरनगरातले दोघे तर त्याचे जन्मदाते. या तिन्ही मृत्यूंत एक गोष्ट मात्र सारखी आहे, आणि तिचा इंटरनेटशी संबंध वरवर वाटतो त्याहून वेगळा आहे. आईवडील अमेरिकेत आहेत, असे तो विचारणाऱ्याला सांगत राहिला आणि ते वर्षानुवर्षे खपले. बांकुऱ्याच्या तरुणीने घरी सांगितले होते की अमेरिकेत युनिसेफमध्ये नोकरी लागली आहे. तिच्या मृत्यूनंतरही तिच्या फोनवरून घरी संदेश जात राहिले. बोलणे नाही, फक्त अक्षरे. घरच्यांना संशय आला, त्यांनी डिसेंबरात पोलिसांत तक्रार केली, आणि अमेरिकेत असायला हवा तो फोन भोपाळमध्ये सापडला. तोवर पाच महिने उलटून गेले होते.

इंटरनेटच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या मैत्रीचे धोके मोजताना आपण चुकीचे माप घेऊन बसलो, असे या लेखाचे म्हणणे आहे. समोरचा किती अनोळखी आहे, यावर धोका ठरत नाही. त्या ओळखीला तिसरा माणूस साक्षीदार आहे की नाही, यावर तो बराचसा ठरतो. आपल्याकडे स्थळ आले की मध्यस्थ असतो, मुलाच्या गावी कोणीतरी जाऊन येतो, तो खरेच नोकरीला आहे का हे त्याच्या कचेरीतल्या एखाद्या ओळखीच्या कारकुनाकडून काढून घेतले जाते. या चौकशीत जातीचा, पैशाचा आणि मुलीला गप्प बसवण्याचा भाग किती असतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तिचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. पण तिच्यात एक काम होत असे: माणसाने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट त्याच्या सांगण्याबाहेर जाऊन तपासली जाई. इंटरनेटने ओळख सोपी केली आणि हे काम कोणाकडेच सोपवले नाही.

भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. पुढची काही वर्षे चॅटरूमची. समोरून पहिला प्रश्न यायचा तो तीन इंग्रजी अक्षरांचा: वय, स्त्री की पुरुष, कुठले गाव. तिन्ही उत्तरे हवी ती देता येत आणि बहुतेक जण देतही. भीती जन्माला आली ती इथे, आणि ती निराधार नव्हती. अमेरिकेत तर ती आपल्या दहा वर्षे आधी येऊन गेली होती. १९८५ मध्ये ‘मिस’ या स्त्रीवादी मासिकाने कॉम्प्युसर्व्ह या सेवेवरच्या एका प्रकरणावर मोठा लेख छापला. तिथे जोन नावाची एक अपंग, जिद्दी, सगळ्यांना धीर देणारी स्त्री अनेक बायकांची जिवलग झाली होती. प्रत्यक्षात ती न्यूयॉर्कचा एक पुरुष मानसोपचारतज्ज्ञ होता. या कथेतला ‘बाई नव्हे, बाप्या निघाला’ एवढाच भाग लोकांच्या लक्षात राहतो. त्याहून बोलका भाग पुढे आहे. जोन आपल्या मैत्रिणींना एका भल्या माणसाचे नाव सुचवत असे, आणि तो भला माणूस म्हणजे तोच मानसोपचारतज्ज्ञ. म्हणजे त्याने खोटी ओळख तयार केलीच, शिवाय त्या ओळखीला खोटा मध्यस्थही तयार केला. साक्षीदाराचे मोल फसवणाऱ्याला फसणाऱ्यांच्या आधी कळले होते.

जानेवारी २००४ मध्ये गूगलने ऑर्कुट सुरू केले आणि ब्राझीलखालोखाल ते भारताने डोक्यावर घेतले. आज त्याची आठवण एक तर हळवी असते, नाही तर भयकथेची. रचनेकडे फारसे कोणी पाहत नाही. सुरुवातीला आमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता. कोणाच्याही पानावर गेले की तुमच्यापासून त्याच्यापर्यंत ओळखीची साखळी कशी जाते हे दिसे: तुम्ही, मग अमका, मग तमका, मग तो. एकमेकांना लिहिलेले ‘स्क्रॅप’ बरीच वर्षे सगळ्यांना वाचता येत. मित्रमंडळी तुम्हाला विश्वासू ठरवून हसऱ्या चेहऱ्यांची खूणही देऊ शकत. थोडक्यात, वाड्याच्या ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तसा हा उघडा मामला होता, आणि त्या अर्थाने आजच्या खासगी इनबॉक्सपेक्षा तिथे साक्षीदार जास्त होते. भोक होते ते वेगळ्याच जागी. तिथे ‘टेस्टिमोनियल’ लिहीत, पण ज्याच्याबद्दल लिहिले त्याने मंजूर केल्यावरच ते दिसे. ज्याचे चारित्र्य तपासायचे त्याच्याच खिशात चारित्र्याचा दाखला. शिवाय चार शब्द जमले की लोक ओट्यावरून उठून याहू मेसेंजरवर किंवा जीटॉकवर जात. धोका बहुतेक वेळा या उठून जाण्यानंतर सुरू होतो.

हे मोठ्या कंपन्यांना तेव्हा उमगले असे दिसत नाही. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये अनेक देशांतल्या चॅटरूम बंद केल्या. लहान मुलांना हेरण्यासाठी वापर होतो म्हणून ओरड झाल्यावर याहूने २००५ मध्ये लोकांनी स्वतः उघडलेल्या खोल्या बंद केल्या. दोघांचेही खासगी मेसेंजर मात्र चालूच राहिले. दहा जण बघत असलेली खोली बंद झाली आणि दोघांपुरती खोली उघडी राहिली. बदनामी थांबवायला हा उपाय ठीक होता.

आता आपल्याकडच्या भीतीला चेहरा देणारे प्रकरण. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबईतल्या एका १६ वर्षांच्या मुलाचे अपहरण झाले, दोन कोटींची खंडणी मागितली गेली, आणि दोन दिवसांत नवी मुंबईत त्याचा मृतदेह मिळाला. ऑर्कुटवर झालेल्या ओळखीतून त्याला बोलावून घेतले, असे तपासात पुढे आल्याचे सांगितले गेले. त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या किती घरांत संगणकाला कुलूप लागले असेल याची कल्पना करता येते. पण जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने चार आरोपींना निर्दोष सोडले, कारण पुराव्याची साखळी सिद्ध झाली नाही. तो निकाल आतल्या पानांत गेला. म्हणजे ज्या प्रकरणावरून एका पिढीच्या पालकांनी धडा घेतला, ते न्यायालयात टिकलेच नाही. यावरून ऑर्कुट निर्धोक होते असे मुळीच ठरत नाही. एवढेच ठरते की आपला धडा आपण पुराव्याआधीच पाठ करून ठेवला होता.

पुरावा काय सांगतो? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. त्याखालच्या भारतातल्या पहिल्या शिक्षांपैकी एक २००४ मध्ये चेन्नईत झाली. याहूवरच्या एका समूहात एका घटस्फोटित स्त्रीच्या नावाने अश्लील मजकूर टाकून तिचा फोन नंबर पसरवला गेला होता. टाकणारा कोणी अनोळखी विकृत नव्हता. तो तिच्या ओळखीतला, तिच्याशी लग्न करू पाहणारा आणि नकार मिळालेला पुरुष होता. अमेरिकेत मिझुरी राज्यात २००६ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलीने आत्महत्या केली. मायस्पेसवर तिच्याशी गोड बोलून नंतर तिला तोडून टाकणारा तरुण अस्तित्वातच नव्हता. ते खाते शेजारच्या घरातून, तिच्या जुन्या मैत्रिणीच्या आईच्या सहभागाने चालत होते. न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या जॅनिस वोलाक, डेव्हिड फिंकेलहॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून सुरू झालेल्या अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांचा अभ्यास करून २००८ मध्ये ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’मध्ये निष्कर्ष मांडले. आपण किशोरवयीन आहोत असे भासवणारे गुन्हेगार त्यात ५ टक्केच निघाले. बाकीच्यांनी आपण प्रौढ आहोत हे लपवले नव्हते. मुलांना समोरचा मोठा आहे हे ठाऊक होते आणि बहुतेकांना ते प्रेम वाटत होते. मुखवटा घातलेल्या राक्षसाचे चित्र यापुढे फिके पडते. माणूस आपल्याच चेहऱ्याने येतो, सवडीने ओळख वाढवतो, आणि त्या ओळखीबद्दल मुलाच्या घरात कोणालाच माहीत नसते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे दरवर्षी सांगतात की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. मग अनोळखी माणसांची चर्चाच कशाला, असे कोणी म्हणेल. पण माणसाचा वावर मुळात ओळखीच्या माणसांतच असल्यामुळे त्यांचे प्रमाण जास्त येणार हे उघड आहे, आणि म्हणून अनोळखी माणूस सुरक्षित ठरत नाही. त्याहून मौजेची गोष्ट तक्त्याच्या रकान्यांत आहे. ‘ओळखीचे आरोपी’ या सदराखाली घरचे, शेजारी, मालक असे वर्ग आहेत आणि पुढच्या एका वर्गात मित्रांच्या जोडीला ‘ऑनलाइन मित्र’ बसवलेले आहेत. आकडे मांडणाऱ्याने नकळत नेमके निदान केले आहे. स्क्रीनवरचा माणूस काही महिन्यांत अनोळखीच्या रकान्यातून ओळखीच्या रकान्यात सरकतो. सावधगिरी अनोळखीसाठी राखून ठेवलेली असते, ती तोवर संपलेली असते.

दुसरा आक्षेप कायदा आणि पोलिसांकडून येतो: सगळ्यांना खऱ्या नावाने वावरायला लावा, ओळखपत्र तपासा, म्हणजे प्रश्न मिटेल. आपल्या राज्यव्यवस्थेचा हा आवडता उपाय. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी ओळखपत्राशिवाय प्रवेश बंद केला, कोण कधी बसले याची नोंद किमान वर्षभर ठेवायला सांगितले, आणि दोन संगणकांमधल्या फळीची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको, हेही लिहून ठेवले. स्वस्त मोबाइल येऊन कॅफेच ओस पडू लागले तेव्हा साडेचार फुटांच्या फळ्या कोणाला अडवणार होत्या? जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने विवाहविषयक संकेतस्थळांना ग्राहकाचे ओळखपत्र घेण्याच्या सूचना दिल्या. हे सगळे गुन्हा घडल्यावर माग काढायला उपयोगी आहे, यात शंका नाही. मात्र मागही चुकतो. छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या ऑर्कुटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी पुणे पोलिसांनी २००७ मध्ये बंगळूरच्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याला पकडले, तो सुमारे ५० दिवस येरवड्यात होता, आणि नंतर कळले की संगणकाचा पत्ताच चुकीचा कळवला गेला होता. पण मूळ अडचण याहून खोल आहे. उदयन दासने नाव खोटे सांगितले नव्हते. त्याचे ओळखपत्र कुठल्याही तपासणीत खरेच ठरले असते. खोटे होते ते आयआयटीचे शिक्षण, परदेशातली नोकरी, अमेरिकेतले आईवडील. आधारकार्डावर यातले काही छापलेले नसते. ते समजते त्याच्या कॉलेजातल्या एखाद्या वर्गमित्राकडून किंवा रायपूरच्या जुन्या शेजाऱ्याकडून, पण बांकुऱ्यातून तिथवर पोचायचा रस्ता कोणी बांधला नव्हता.

याच जागी तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो या लेखाच्या युक्तिवादाला सर्वांत जड जाणारा आहे. शेजार, नातलग, वस्ती हे जर साक्षीदार, तर सुंदरनगरात त्यांनी काय केले? रायपूर २००० मध्ये राजधानी झाले, झपाट्याने वाढले, तरी तिथल्या कॉलन्यांत कोणाकडे कोण आले हे अजून चार घरांना कळते. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या मराठी वस्तीत तर चार पिढ्यांची माहिती निघते. असे असून दोन माणसे नाहीशी झाली आणि सहा वर्षे त्यांचा थांग लागला नाही. याचे सरळ उत्तर असे की प्रत्यक्षातला शेजारही साक्षीदार असतोच असे नाही. त्याने विचारले, मुलाने अमेरिका सांगितली, आणि अमेरिका या शब्दापुढे मध्यमवर्गीय वस्तीत चौकशी थांबते. तिथे आईवडील मुलांकडे जाऊन राहतात ही आपल्या परिचयाची, अभिमानाची गोष्ट आहे. बांकुऱ्यातही पाच महिने हाच शब्द पुरला. निवृत्तिवेतन घेणाऱ्या म्हाताऱ्याकडून सरकार दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला मागते, २०१४ पासून तर बोटाचा ठसा घेऊन तो ऑनलाइनही देता येतो. नातलग मात्र ‘मी मजेत आहे’ या तीन शब्दांवर वर्ष काढतात. एका प्रकरणात इंटरनेटने ओळख जुळवली हे खरे. तिन्ही मृत्यू झाकले गेले ते आपण लिखित संदेशाला हयातीचा दाखला मानू लागल्यामुळे आणि सोयीस्कर उत्तर मिळाल्यावर पुढे न विचारल्यामुळे.

मग मुलींनी सगळे घरी सांगावे, एवढाच तोडगा उरतो का? तो सांगणे सोपे आणि निरुपयोगी आहे. मुलगी घरी का सांगत नाही हे घराला चांगले माहीत असते. जात वेगळी, धर्म वेगळा, किंवा नुसते ‘तू स्वतः शोधलास’ एवढेही पुरते. बोलले तर फोन काढून घेतला जाईल आणि लग्न उरकले जाईल, ही भीती ज्या घरात आहे तिथे प्रत्येक ओळख साक्षीदाराविना वाढणार. लपवलेल्या नात्यातला पुरुष वाईट निघाला तर त्याला फक्त एवढेच म्हणावे लागते, की आता तू कोणाकडे जाणार? घरच्यांची सक्ती आणि त्याची सक्ती इथे एकमेकींना हातभार लावतात. म्हणून साक्षीदार ज्याचा त्याने निवडलेला असावा लागतो. तो बाप असेल असे नाही.

याचा पुरावा अशा लोकांनी देऊन ठेवला आहे ज्यांना घर कधीच साक्षीदार म्हणून लाभले नाही. समलिंगी पुरुषांसाठी इंटरनेटवरचा अनोळखी माणूस हा चैनीचा विषय नव्हता. लहान गावात दुसरा कोणी भेटण्याची ती एकमेव वाट होती. तिथे धोका दुहेरी होता. जानेवारी २००६ मध्ये लखनौ पोलिसांनी समलिंगींच्या एका संकेतस्थळाचा आमिषासारखा वापर करून चौघांना समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ खाली अटक केली. म्हणजे इथे खोटे बोलून भेटायला बोलावणारे खुद्द पोलीस होते. ‘अनोळखी माणसाला भेटू नका’ हा उपदेश या लोकांना ‘जगू नका’ असाच ऐकू आला असता. मुंबईत १९९८ पासून इंटरनेटवर जमलेल्या ‘गे बॉम्बे’ या गटाने वेगळी वाट काढली: ओळख स्क्रीनवर, पण पहिली भेट गटात, चार जणांत. पुढे पालकांच्याही बैठका घेतल्या. ३७७ चा फास सैल झाला तो ६ सप्टेंबर २०१८ रोजी. त्याआधीच्या वीस वर्षांत, बहुतेक काळ कायदा, पोलीस आणि कुटुंब हे तिन्ही विरोधात असताना, या लोकांनी स्वतःचा तिसरा माणूस घडवला. सरकारने साडेचार फुटांच्या फळीवर घालवलेल्या बुद्धीपेक्षा ही बुद्धी जास्त कामाची होती.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. त्यानंतरच्या डेटिंग ॲपवर ना ओळखीची साखळी दिसते ना दुसऱ्यांनी लिहिलेले चार शब्द. तिथे पहिल्या क्षणापासून दोघेच. वसईच्या ज्या तरुणीच्या खुनाने २०२२ मध्ये देश हादरला, तिची आणि आरोपीची ओळख अशाच ॲपवर झाली होती. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. त्याआधीच्या तारखा मात्र नोंदलेल्या आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलिसांकडे जिवाच्या भीतीचा लेखी अर्ज दिला होता. या नात्यामुळे घराशी संबंध तुटत आले होते. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला असे तपास सांगतो, आणि वडिलांची तक्रार ऑक्टोबरात नोंदली गेली. इथेही पाच महिने. पाच महिन्यांनी का होईना ती नोंदली गेली, कारण सप्टेंबरमध्ये तिच्या एका मित्राने तिच्या भावाला सांगितले की तिचा फोन बरेच दिवस लागत नाही. त्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी समिती नेमली. तिचे काम अशा लग्नांची माहिती गोळा करणे आणि मुलीचा माहेराशी संपर्क आहे का हे पाहणे. समितीच्या नावातच ‘परिवार समन्वय’ आहे. त्यात त्या मित्राला कुठे बसवायचे, हे काही सांगता येत नाही.